एका गाण्याआड राहिलेला अल्बम : द डेल्स यांचा ‘फ्रीडम मीन्स’

रेकॉर्ड हातात आली तेव्हा तिच्या पाकिटाचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता आणि आतल्या कागदी पिशवीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुने स्टोव्ह, पितळी नळ आणि बंद पडलेले मिक्सर मांडून बसणाऱ्या एका भंगारवाल्याकडे, विकल्या गेलेल्या कुठल्याशा बंगल्यातून आलेल्या सामानात, इंग्रजी रेकॉर्डचा एक लहानसा गठ्ठा होता. त्या घरातले डॉक्टर पूर्वी शिकागोला होते, एवढीच माहिती त्याला होती. “वाजली नाही तर परत घेऊन या की,” असे म्हणत त्याने दीडशे रुपये घेतले. मी ती उचलली ती केवळ डेल्स या अमेरिकन गायकांच्या गटाचे नाव ओळखीचे होते म्हणून, आणि घरी आणल्यावर दोन महिने ती कपाटावर तशीच पडून राहिली, कारण डेल्स म्हणजे ‘ओह, व्हॉट अ नाइट’ आणि ‘स्टे इन माय कॉर्नर’, बाकी भरताड, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

डेल्स हा गट शिकागोच्या दक्षिणेला असलेल्या हार्वी या गावातल्या शाळकरी मुलांनी १९५२ च्या सुमारास उभा केला. आरंभी त्यांचे नाव एल-रेज असे होते आणि त्याच नावाने १९५४ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. पुढे ते डेल्स झाले आणि १९५६ मध्ये ‘ओह, व्हॉट अ नाइट’ या गाण्याने त्यांना ओळख मिळाली. १९५८ मध्ये दौऱ्यावर असताना त्यांच्या मोटारीला मोठा अपघात झाला, मिकी मॅकगिल गंभीर जखमी झाले आणि गट जवळजवळ दोन वर्षे विखुरला. १९६० मध्ये पुन्हा जमताना जॉनी फंचेस यांच्या जागी फ्लेमिंगोज या गटातून आलेले जॉनी कार्टर दाखल झाले, आणि तेव्हापासून मार्विन ज्युनियर, जॉनी कार्टर, व्हर्न ॲलिसन, मिकी मॅकगिल आणि चक बार्क्सडेल हे पाच जण २००९ मध्ये कार्टर यांचे निधन होईपर्यंत एकत्र गात राहिले. (ज्युनियर हे मार्विन यांचे आडनावच आहे; मीही बरीच वर्षे त्यांचे वडीलही गायक असावेत अशा भ्रमात होतो.) आपल्याकडे दोन भावांचे बँड पथक पाच वर्षे एकत्र टिकत नाही, तिथे पाच माणसे एकोणपन्नास वर्षे एका मायक्रोफोनभोवती उभी राहिली, ही गोष्ट गाण्यात ऐकू येते, कशी, ते पुढे सांगतो.

‘फ्रीडम मीन्स’ १९७१ मध्ये कॅडेट या कंपनीने काढला. कॅडेट ही शिकागोच्या सुप्रसिद्ध चेस रेकॉर्ड्सची शाखा, आणि तिचा तो काळ चांगला नव्हता. १९६९ मध्ये चेस बंधूंनी कंपनी विकली, त्याच वर्षी लेनर्ड चेस वारले, आणि घरच्या पेढीसारखा चाललेला कारभार टेप विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या हाती गेला. डेल्सचे मोठे दिवस त्याच्या नुकतेच आधीचे होते. १९६८ मध्ये ‘स्टे इन माय कॉर्नर’ हे सहा मिनिटांहून लांब गाणे, ज्यात मार्विन ज्युनियर एक सूर धरतात तो ऐकणाऱ्याचा श्वास संपला तरी सोडत नाहीत, कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९६९ मध्ये ‘ओह, व्हॉट अ नाइट’चे नवे ध्वनिमुद्रणही तिथेच पोचले. त्यानंतरचे ठळक यश १९७३ चे, ‘गिव्ह युअर बेबी अ स्टँडिंग ओव्हेशन’चे. या दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत ‘फ्रीडम मीन्स’ सापडला. त्याला गाजलेले गाणे नव्हते असेही नाही. ‘द लव्ह वी हॅड’ त्या यादीत पहिल्या दहांत होते आणि आजही जुन्या सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या त्या भावभऱ्या लोकप्रिय संगीताच्या, संकलनांत भेटते. पण त्याच गाण्याने अल्बमचे नुकसान केले असे माझे मत आहे. लोकांनी गाणे उचलून नेले आणि ताट तिथेच ठेवले.

या अल्बमचा खरा कर्ता गायकांपैकी नाही. निर्मिती आणि वाद्यरचना चार्ल्स स्टेपनी यांची आहे. शिकागोच्या या संगीतकाराचे नाव सामान्य श्रोत्याला माहीत नसते, परंतु मिनी रिपर्टन, रोटरी कनेक्शन, रॅम्झी लुईस आणि पुढे अर्थ, विंड अँड फायर यांच्या गाण्यांतून त्याचे काम कानावर पडलेले असते. ते मूळचे व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य वाजवणारे. १९७६ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. घराच्या तळघरात एकट्याने केलेली त्यांची ध्वनिमुद्रणे तर त्यांच्या मुलींच्या प्रयत्नाने २०२२ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, बाहेर आली. डेल्सबरोबर ते आधीपासून होते, पण ‘देअर इज’सारख्या अल्बमांत निर्माते बॉबी मिलर होते आणि स्टेपनी यांच्याकडे वाद्यमेळाची बाजू होती. इथे दोन्ही सूत्रे त्यांच्याकडे आल्याने फरक पडला आहे. मिलर यांच्या काळात गाणे पुढे आणि वाद्ये मागे, अशी सरळ मांडणी असे. इथे वाद्ये मागे असली तरी ती काहीतरी वेगळे बोलत असतात, आणि त्यांचे बोलणे गायकाच्या बोलण्याशी नेहमी जुळतेच असे नाही.

‘द लव्ह वी हॅड’ याच कारणासाठी बारकाईने ऐकण्यासारखे आहे. गाण्याचा विषय शीर्षकातच आहे: संपलेले प्रेम आणि न संपलेली त्याची आठवण. एवढ्या भांडवलावर हजारो गाणी उभी आहेत आणि त्यांतली बहुतेक पहिल्या ओळीपासून रडू लागतात. मार्विन ज्युनियर तसे करत नाहीत. त्यांचा आवाज खरखरीत आहे, भारदस्त आहे, चर्चमधल्या प्रवचनकारासारखा वर जाऊन छप्पर हलवण्याची ताकद त्यात आहे, आणि हे त्यांना व आपल्याला दोघांनाही ठाऊक असताना ते आरंभी जवळजवळ बोलल्यासारखे गातात. वाद्ये त्यांना जागा देऊन बाजूला उभी असतात. मग जॉनी कार्टर यांचा टिपेचा, पातळ केलेला आवाज वरून उतरतो. इंग्रजीत या आवाजाला फॉल्सेटो म्हणतात आणि शब्दाच्या मुळाशी ‘खोटा’ असा अर्थ आहे. पण इथे तो खोटा मुळीच वाटत नाही, उलट मार्विन जे बोलायला कचरतात ते हा आवाज बोलून टाकतो. एकच माणूस दोन वयांतून बोलतो आहे, असे काहीसे होते. पुढे पितळी वाद्ये आणि व्हायोलिने चढू लागतात, खाली ताल गच्च होत जातो, आणि मार्विन यांनी इतका वेळ आवरून धरलेला आवाज शेवटी सुटतो. तो सुटण्याचा क्षण नेमका कोणता, हे मी बोट ठेवून सांगायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बोट ठेवले. चढ इतका सावकाश बांधलेला आहे.

भजनी मंडळाच्या संगतीत वाढलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याला या गायनाची एक गोष्ट समजायला वेळ लागतो. आपल्याकडे बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी तोच चरण, त्याच सुरात, अधिक जोराने उचलतात. गर्दीचे बळ एका सुरात ओतलेले असते. डेल्सचे चौघे मार्विन यांच्या मागे उभे राहून चार निरनिराळ्या जागांवर सूर लावतात आणि तरीही ऐकू येतो तो एकच आवाज. बार्क्सडेल यांचा खर्ज सगळ्यांत खाली असतो; तो चटकन ऐकू येत नाही, पण स्पीकरच्या मंद्र आवाजाची कळ थोडी कमी केली की गाणे एकदम पोकळ होते आणि मग तो कुठे होता हे कळते. ॲलिसन आणि मॅकगिल मधल्या सुरांत आहेत, आणि गटगायनात मधल्या सुरांना कधी टाळी मिळत नाही. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. जेकार्डच्या चादरीवर आपण पाहतो ती नक्षी. पण ती उठून दिसते ती खालचा ताणा सगळीकडे सारखा ओढलेला असतो म्हणून, आणि एक धागा सैल पडला तर कारागीर माग थांबवतो. या पाच जणांपैकी कोणीही सैल नाही. १९७१ मध्ये ते पस्तिशीच्या आसपास होते आणि कार्टर सोडून बाकी चौघांचे एकत्र गाणे जवळजवळ वीस वर्षांचे झाले होते. तरुण गटांच्या गाण्यात दोन मुख्य गायक असले की एकाला दुसऱ्याच्या पुढे जाण्याची घाई असते. इथे मार्विन थांबतात तेव्हा ते कार्टर यांच्यासाठी थांबलेले असतात, हे स्पष्ट कळते.

अल्बममधले माझे दुसरे आवडते गाणे ‘इट्स ऑल अप टू यू’. निर्णय तुझ्या हाती आहे, असे प्रियेला सांगणाऱ्या माणसाचे हे गाणे ‘द लव्ह वी हॅड’च्या तुलनेत हलके आहे, आणि पहिल्या चार-पाच वेळा ते माझ्या कानावरून नुसते वाहून गेले. एकदा मात्र शब्दांकडे लक्ष न देता केवळ मागचे चौघे ऐकायचे असे ठरवून ऐकले, तेव्हा लक्षात आले की मुख्य गायक निर्णय सोपवतो आहे असे म्हणत असताना मागचे आवाज उत्तराची वाट पाहण्याइतके धीराचे नाहीत. ते पुन्हापुन्हा तगादा लावतात. ही गंमत स्टेपनी यांची की गायकांची, ते ठरवता येत नाही, पण ऐकू आल्यावर गाणे निराळे होते.

आता उणिवा. अल्बममध्ये त्या काळी इतरांनी गाजवलेली काही गाणीही घेतली आहेत. तो त्या वेळचा रिवाजच होता. रेडिओवर चाललेले गाणे आपल्या गायकांकडून गाऊन घेतले की विक्रीची थोडी हमी मिळते, असा कंपन्यांचा हिशेब असे, आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, कॅडेटने डेल्सकडून डिऑन वॉरविक यांच्या गाजलेल्या गाण्यांचा एक संपूर्ण अल्बमच करून घेतला. ‘फ्रीडम मीन्स’मधल्या या उसन्या गाण्यांना स्टेपनी यांनी भरजरी शालू नेसवला आहे, पण काही ठिकाणी शालूच दिसतो, आतले माणूस दिसत नाही. व्हायोलिनांचा इतका थर चढतो की मार्विन यांना त्यांच्यावरून ओरडावे लागते, आणि मार्विन ओरडू लागले की कार्टर यांना जागा उरत नाही. दोन गाण्यांच्या वेळी तर मी उठून चहा ठेवून आलो. शीर्षकात स्वातंत्र्याचा उच्चार असल्याने त्या काळातल्या नागरी हक्कांच्या चळवळीचा थेट सूर यात मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर तीही पुरी होणार नाही. अल्बमचा बहुतेक जीव प्रेमगीतांतच आहे.

गीतकारांचा उल्लेख मात्र राहून चालणार नाही. ‘द लव्ह वी हॅड’ हे टेरी कॅलिअर आणि लॅरी वेड यांनी लिहिले. कॅलिअर स्वतः गायक. शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत कर्टिस मेफील्ड आणि जेरी बटलर या पुढे गाजलेल्या गायकांबरोबर वाढलेले, आणि त्यांचे स्वतःचे या काळातले अल्बमही कॅडेटसाठी स्टेपनी यांनीच केलेले. त्यांना म्हणावे तसे यश मिळाले नाही. १९८३ मध्ये मुलीच्या संगोपनासाठी त्यांनी गाणे सोडले आणि शिकागो विद्यापीठात संगणक प्रोग्रामरची नोकरी धरली. पुढे लंडनमधल्या डीजे मंडळींनी त्यांच्या जुन्या रेकॉर्ड उकरून काढल्या आणि १९९८ मध्ये ‘टाइमपीस’ या अल्बमने ते परतले. हे वाचल्यानंतर मी गाणे पुन्हा लावले. गाण्यात काहीच बदललेले नव्हते, पण हे लिहिताना त्यांचे वय जेमतेम पंचविशीचे होते, या गोष्टीने मी थोडा वेळ गप्प झालो. या शब्दांतला थकवा चाळिशी उलटलेल्या माणसाचा वाटतो. कदाचित तो मार्विन यांच्या गळ्यातून त्यात आला असेल.

वस्तू म्हणून या रेकॉर्डबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या बाजारातून घेणाऱ्यांच्या पुढे हीच अडचण येते. पहिल्यांदा लावली तेव्हा गाण्यापेक्षा भाकरी भाजल्यासारखा चटचट आवाज अधिक होता. सोलापूरच्या पाण्याने रेकॉर्ड धुणे म्हणजे तिच्यावर क्षारांचा नवा थर चढवणे. शिवाय चार-पाच दिवसांआड येणारे पाणी यासाठी खर्च करतो म्हटल्यावर घरात जे व्हायचे ते झाले. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि चष्मा पुसण्याचे मऊ कापड, एवढ्यावर काम झाले. कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवायचे, आडवे कधीही नाही, आणि मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचे नाही. त्यानंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा पुसून, रेकॉर्ड ताटाळ्यात उभी ठेवून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवण्याचा मोह आवरावा. त्याच गठ्ठ्यातली दुसरी एक रेकॉर्ड एप्रिलच्या दुपारी पोत्यावर पडून पापडासारखी वाकलेली मी पाहिली आहे.

सुईची गोष्ट मात्र मनस्तापाची ठरली. माझ्या प्लेअरची सुई गावात कुठेही मिळाली नाही, म्हणून ती ऑनलाइन मागवली. विक्रेत्याने दोनदा भलत्याच मॉडेलची पाठवली आणि परतीचे पैसे मिळायला सव्वा महिना लागला. तिसऱ्या खेपेला मी जुन्या सुईचा जवळून फोटो काढून, तिच्यावरचा क्रमांक दिसेल असा, आधी पाठवला आणि मगच पैसे भरले. ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी क्रम असाच ठेवावा. नवी सुई लावल्यानंतर मात्र बाजू पालटल्यासारखा फरक पडला. चटचट पूर्ण गेली नाही, एका जागी एक खोल ओरखडाही आहे, पण बार्क्सडेल यांचा खर्ज पहिल्यांदा छातीत जाणवला.

रेकॉर्ड मिळाली नाही तर हळहळण्याचे कारण नाही. ‘द लव्ह वी हॅड’ यूट्यूबवर सहज सापडते आणि अनेकांना तेवढे पुरेलही. माझी सूचना एवढीच की ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नये. त्या चिमुकल्या भोकातून कार्टर तेवढे बाहेर येतात, बार्क्सडेल येत नाहीत आणि मार्विन अर्धे येतात. साधे वायरचे हेडफोनही चालतील. डेल्स पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने ‘स्टे इन माय कॉर्नर’पासून सुरुवात करावी, मग इथे यावे; उलट क्रमाने गेल्यास ‘स्टे इन माय कॉर्नर’ थोडे दिखाऊ वाटण्याचा धोका आहे, निदान मला आता तसे वाटू लागले आहे. ज्यांना सोल म्हणजे नाचण्याचे संगीत असे वाटते, त्यांनी मात्र हा अल्बम घेऊ नये. नाट्यसंगीतात एखादी जागा घेण्यापूर्वी गायक क्षणभर थांबतो त्या थांबण्यावर ज्यांचा जीव आहे, त्यांच्यासाठी तो आहे. पाच तारे देण्याची पद्धत असेल तर मी साडेतीन देईन, आणि त्यांतले दोन एकट्या ‘द लव्ह वी हॅड’चे.

ऐकण्याच्या वेळेबद्दलही सांगून ठेवतो. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत पंख्याशिवाय खोलीत बसता येत नाही, आणि छताच्या पंख्याची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते ज्यात या गटाचा खर्ज आहे. मी सबंध मे महिना हा अल्बम ऐकला आणि निम्मा ऐकलाच नाही. गड्ड्याची यात्रा भरते त्या जानेवारीच्या दिवसांत, रात्री साडेअकरानंतर, पाळणे थांबलेले असताना आणि मागच्या गल्लीतले माग बंद झाल्यावर, पंखा बंद ठेवून तो पुन्हा लावला, तेव्हा ‘इट्स ऑल अप टू यू’मधला मागच्या आवाजांचा तगादा मला पहिल्यांदा ऐकू आला.